आधी विश्वास, मग उपचार

(बालपणी झालेले लैंगिक अत्याचार, मुलींची होणारी विक्री आणि त्यातून मनावर होणारे आघात या विषयावर, पालक व महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका समुपदेशिकेने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन. भाषणात आलेल्या अनाम व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापताना संयोजकांना थोडा संकोच वाटला, हे मला ठाऊक आहे. "एवढ्या स्पष्ट शब्दांत छापावे का?" असे मला दूरध्वनीवरून विचारण्यात आले. मी म्हटले, अवश्य छापा. ज्या दुखण्याचे नाव घ्यायलाच आपण कचरतो, त्यावर औषध कसे शोधणार?

प्रारंभी एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभागृहात माझे व्याख्यान झाले. आभारप्रदर्शन झाले, चहापान झाले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. एक आजी मात्र शेवटपर्यंत खुर्चीत बसून होत्या. वय साठीच्या पुढे, अंगावर नीटनेटके नऊवारी, हातात जपाची पिशवी. सगळे पांगल्यावर त्या हळूच माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी नऊ वर्षांची होते. आमचे एक नातलग घरी येत असत." पुढचे वाक्य उच्चारायला त्यांना बराच वेळ लागला. पन्नासहून अधिक वर्षांनी ही गोष्ट त्या दुसऱ्यांदा बोलत होत्या. पहिल्यांदा त्या बोलल्या होत्या त्या आपल्या आईपाशी, त्याच वयात. आई म्हणाली होती, "गप्प बस. पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

त्या आजींनी मला सांगितलेली शेवटची गोष्ट मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "त्या माणसाने जे केले, ते मी सोसले. पण त्यानंतरही दरवर्षी दिवाळीला तो आमच्याकडे जेवायला येई आणि आई त्याच्या पानात आग्रह करकरून वाढत असे. ते मात्र मला सोसवले नाही."

बंधू-भगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे, त्याचे सार या एका वाक्यात आले. अत्याचाराची जखम अत्याचारी माणूस करतो. पण ती चिघळते आपल्या माणसांच्या मौनाने आणि अविश्वासाने. त्यामुळे तिचा पहिला उपचारही आपल्या माणसांच्याच हाती असतो.

'परका' म्हणजे कोण?

आपण मुलांना शिकवतो की, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये, परक्याबरोबर जाऊ नये. ही शिकवण योग्यच आहे. परंतु ती अपुरी आहे. सन २००७ मध्ये केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बाल-अत्याचारांविषयीच्या एका विस्तृत पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता, गोवाही होता. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अशा मुलांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून थोडी अधिक होती. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलांनी विश्वास टाकावा, अशा स्थानावरचे होते. आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे. नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी परिचितच असतो. नातलग, शेजारी, शिकवणीचे सर, शाळेच्या गाडीवरचा माणूस, घरी ऊठबस असलेला कौटुंबिक मित्र. याचा अर्थ प्रत्येक काका-मामांकडे संशयाने पाहावे, असा मुळीच नाही. आपली कुटुंबव्यवस्था नात्यांच्या विश्वासावर उभी आहे आणि तो विश्वास मोलाचा आहे. म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणाऱ्याला घरात आडोसा मिळता कामा नये.

एक लहानशी सवय तपासून पाहू. पाहुणे आले की, आपण मुलाला म्हणतो, "जा, काकांच्या मांडीवर बस. पापा दे." मूल अंग चोरते, तर आपण त्याला रागे भरतो. आपल्याला तो अविनय वाटतो. वस्तुतः त्या क्षणी आपण मुलाला नकळत शिकवत असतो की, मोठ्यांनी तुझ्या शरीराशी कसेही वागले तरी 'नको' म्हणायचे नाही. वाकून नमस्कार करणे हा संस्कार आहे. नको असलेला स्पर्श सोसणे हा संस्कार नव्हे. हा भेद आपण स्वतः समजून घेतला, तरच मुलांना समजावून सांगता येईल.

मूल का बोलत नाही?

"एवढे झाले, तर मग त्याच दिवशी का नाही सांगितले?" हा प्रश्न मी आई-वडिलांकडून, पोलीस ठाण्यांत, अगदी न्यायालयाच्या आवारातही ऐकला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. रोलंड समिट यांनी १९८३ साली या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते आजही विचारात घेण्यासारखे आहे. त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. गुप्ततेचे दडपण, असहायता, सुटकेचा मार्ग न दिसल्यामुळे परिस्थितीशी जुळवून घेणे, खूप उशिरा आणि चाचरत केलेली वाच्यता, आणि शेवटी दडपण आल्यावर सांगितलेले परत घेणे.

या शेवटच्या पायरीकडे विशेष लक्ष द्या. मूल एके दिवशी धीर करून सांगते. घरात रडारड होते, भांडणे होतात, आजी अन्नपाणी सोडते, वडील हात उगारतात. हे सगळे आपल्यामुळे झाले, असे मुलाला वाटते. मग ते म्हणते, "तसे काही नव्हते, मी खोटे बोललो." आणि घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. वास्तविक, त्या मुलाने घर वाचवण्यासाठी स्वतःचे दुःख मागे घेतलेले असते. म्हणून केवळ शब्द फिरवले, एवढ्यावरून मूल खोटारडे ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. संकटाच्या वेळी माणूस प्रतिकार करतो किंवा पळून जातो, असे आपण धरून चालतो. पण तिसरीही प्रतिक्रिया असते. शरीर थिजते, आवाज फुटत नाही, मन जणू शरीरापासून दूर जाऊन उभे राहते. लहान मुलांच्या बाबतीत हे फार घडते, कारण त्यांना प्रतिकाराचे बळ नसते आणि पळून जायला जागा नसते. लोककथेतील अहल्या शिळा झाली, असे आपण ऐकत आलो. कपट इंद्राचे आणि शिळा होणे अहल्येच्या वाट्याला! "तू ओरडली का नाहीस?" असे विचारताना आपण शिळेला बोलत नाही म्हणून दोष देत असतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

मूल शब्दांनी बोलत नसले, तरी वागण्यातून सांगत असते. अंथरूण ओले करण्याचे वय मागे पडलेले मूल पुन्हा तसे करू लागते. झोपेत दचकते, एकटे झोपायला नकार देते. वरचेवर पोट दुखते, पण तपासणीत काही सापडत नाही. एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडे, शिकवणीला किंवा ठरावीक घरी जायचे म्हटले की, रडून गोंधळ घालते. वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान त्याच्या बोलण्यातून वा खेळण्यातून दिसते. हसरे मूल गप्प होते, शांत मूल आक्रमक होते, अभ्यासात अचानक घसरण होते. मोठी मुले स्वतःला इजा करून घेतात, व्यसनाकडे वळतात किंवा घर सोडून जाण्याची भाषा करतात. कुठून आले ते सांगता न येणारे पैसे, भेटवस्तू वा भ्रमणध्वनी हातात दिसतो.

मात्र येथे सावधगिरीचा इशारा देणे मला आवश्यक वाटते. यांतील कोणतेही एक लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. परीक्षेच्या भीतीनेही पोट दुखते, धाकटे भावंड झाल्यावरही अंथरूण ओले होते. अनेक बदल एकाच सुमारास आणि अचानक दिसू लागले, तर मात्र आपण मुलाजवळ बसले पाहिजे. उलटपक्षी, काही मुले बाहेरून काहीच दाखवत नाहीत. ती अधिक शहाण्यासारखी वागतात, पहिला क्रमांक मिळवतात. त्यांचे दुखणे अनेकदा विशी-तिशीत, विवाहानंतर किंवा स्वतःचे मूल त्या वयाचे झाल्यावर वर येते.

असे का व्हावे? आपल्याकडे म्हण आहे, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितो. आघातग्रस्त मनाची अवस्था नेमकी अशी असते. मेंदूतील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा एकदा इतक्या जोराने वाजलेली असते की, पुढे एखादा वास, दाराच्या कडीचा आवाज, तंबाखूचा दर्प एवढ्यानेही ती पुन्हा वाजू लागते. आठवण भूतकाळातली, पण शरीराला ती आत्ता घडल्यासारखी वाटते. छाती धडधडते, हात गार पडतात. घरचे म्हणतात, "उगाच घाबरते. स्वभावच तसा." तो स्वभाव नसतो, ती इजा असते.

वैद्यकशास्त्राने ही इजा आता मान्य केली आहे. अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे स्थूलतेवर उपचार करीत असता, उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या अनेक रुग्णांच्या पूर्वायुष्यात बालपणीचा अत्याचार असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी मोठे संशोधन केले आणि १९९८ साली ते प्रसिद्ध झाले. बालपणीचे आघात जितके अधिक, तितका पुढील आयुष्यात नैराश्य, व्यसनाधीनता, आत्महत्येचा प्रयत्न, एवढेच नव्हे तर हृदयविकाराचाही धोका अधिक, असे त्यातून दिसले. दीर्घकाळ सोसलेल्या आघातातून उद्भवणाऱ्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या व्याधिवर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि कुणाशीही निकटचे नाते जोडता न येणे, ही त्याची विशेष लक्षणे होत.

मुंबईतून परतलेल्या मुली

आतापर्यंत आपण घरातल्या अत्याचाराविषयी बोललो. मुलींच्या खरेदी-विक्रीचा विषय आपल्याला दूरचा, कुठल्या तरी बदनाम वस्तीतला वाटतो. पण या दोन गोष्टींना जोडणारी वाट आहे. घरातील छळाला कंटाळून पळालेले मूल रेल्वे स्थानकावर उतरते, तेव्हा त्याची विचारपूस करायला दलाल हजर असतो. कुठे नोकरीचे आमिष असते, कुठे लग्नाचे नाटक. गरिबी, दुष्काळ, आई-वडिलांचा मृत्यू यांनी आधीच उघडे पडलेले मूल हेरूनच सौदा होतो. विक्रीनंतर तिला सांगितले जाते की, तुझ्यासाठी मोजलेली रक्कम हे तुझे कर्ज. व्याज, जेवण, कपडे, औषधे मिळवत ते कर्ज फिटतच नाही. नाव बदलले जाते, वय वाढवून सांगायला शिकवले जाते. पोलीस आले तर तुलाच तुरुंगात टाकतील, ही भीती घातली जाते.

म्हणूनच सुटकेच्या दिवशी अनेक मुली 'मी माझ्या मर्जीने आले' असे सांगतात, चुकीचे नाव देतात, क्वचित घरवालीसाठी रडतातही. नवख्या कार्यकर्त्याला याचा राग येतो. पण ज्या बाईच्या हाती जेवण आणि मार दोन्ही होते, तिची मर्जी राखणे, हाच त्या मुलीला जगण्याचा एकमेव मार्ग होता. ती सवय एका दिवसात सुटत नाही.

या संदर्भात आपल्या मुंबईत घडलेली एक घटना सांगते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्तीवर मोठे छापे घालण्यात आले आणि ४००हून अधिक मुली व स्त्रियांची सुटका झाली. त्यांत २००च्या आसपास नेपाळच्या होत्या. पण सुटकेनंतर काय? शासकीय वसतिगृहांत त्या महिनोन्‌महिने अडकून पडल्या. मायदेशात त्यांना परत घेण्याविषयी चालढकल झाली. त्यांच्याजवळ नागरिकत्वाची कागदपत्रे नव्हती, आणि त्या आपल्याबरोबर एड्स घेऊन येतील, अशी भीती बोलून दाखवली जात होती. विकल्या गेल्या तेव्हा कुणी कागद विचारला नव्हता. परत यायची वेळ आली, तेव्हा कागद आडवे आले! अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलै १९९६ मध्ये १२८ मुली काठमांडूला परतल्या.

त्यांच्यातील पंधरा जणींनी पुढे जे केले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने मुद्दाम समजून घ्यावे. त्यांनी एकत्र येऊन 'शक्ती समूह' ही संघटना उभारली. विक्रीतून सुटून आलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संस्था २००० साली नोंदणीकृत झाली आणि २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थापकांपैकी चारीमाया तामांग यांना सोळाव्या वर्षी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातून पळवून मुंबईत विकले होते. परतल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने तक्रार दाखल केली. आपली विक्री करणाऱ्यांविरुद्ध तेथे अशी उघड तक्रार करणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. त्या खटल्यात आठ जणांना शिक्षा झाली. 'मला लाज वाटण्याचे कारण नाही, लाज त्यांना वाटली पाहिजे', असे मनाशी ठरवायला किती बळ लागले असेल, याची कल्पना करा.

या मुलींना आधार देणाऱ्यांत अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेली 'माइती नेपाल' ही संस्था होती. भारत शासनाने २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. नेपाळी भाषेत 'माइती' म्हणजे माहेर. संस्थेला हे नाव देण्यात फार मोठे शहाणपण आहे. ज्या मुलीला विकले गेले, तिचे पहिले काय हिरावले जाते? जिथे कारण न सांगता जाता येते, ते घर. म्हणून पुनर्वसनाचा प्रारंभ माहेर परत देण्यापासून व्हायला हवा.

आपल्याकडेही असे काम उभे राहिले आहे. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेने वस्तीतील स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे निवारा केंद्र सुरू केले. आई धंद्यावर असण्याच्या वेळी मूल सुरक्षित जागी जेवावे, अभ्यास करावा, झोपावे, एवढी साधी कल्पना. पण दुसऱ्या पिढीला त्या वाटेवर जाण्यापासून अडवण्याचे मोठे सामर्थ्य तिच्यात आहे.

बरे होणे म्हणजे काय?

"ताई, ती हे सगळे विसरेल ना?" असे पालक विचारतात. मी प्रामाणिकपणे सांगते की, विसरणार नाही. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे. आठवण राहते, पण ती आयुष्यावर राज्य करीत नाही. जखमेचा व्रण राहतो, ठणका थांबतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात या प्रवासाचे तीन टप्पे मांडले. पहिला, सुरक्षितता. अत्याचारी व्यक्तीचा संपर्क पूर्ण तुटला पाहिजे. झोप, जेवण, शाळा यांची घडी बसली पाहिजे. तो माणूस सणावाराला घरी येत असेल, तर जगातील कोणताही उपचार लागू पडणार नाही. दुसरा टप्पा, आठवणीला सामोरे जाणे आणि शोक करणे. हे काम प्रशिक्षित तज्ज्ञाच्या साह्यानेच व्हावे, मुलाच्या गतीने व्हावे. खोदून खोदून विचारणे म्हणजे उपचार नव्हे. लहान मुले शब्दांपेक्षा चित्रांतून, मातीतून, खेळण्यातून मोकळी होतात. तिसरा टप्पा, पुन्हा जोडले जाणे. मित्र, शिक्षण, काम, समाज, आणि पुढे विवाहाची इच्छा असल्यास विवाह. हे टप्पे पायऱ्यांसारखे सरळ नसतात. पुढे गेलेले माणूस मधूनच मागे येते. त्याने निराश होऊ नये.

प्राणायाम, योगासने, भजन, खेळ यांचा उपयोग होतो का? निश्चित होतो. शरीर आपले आहे आणि आपल्या ताब्यात आहे, हा हरवलेला अनुभव त्यातून परत मिळू शकतो. पण ती तज्ज्ञ उपचारांना जोड आहे, पर्याय नव्हे. 'देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल' असे सांगून मुलीला परत पाठवणे, हेसुद्धा एका परीने तिला गप्प बसवणेच आहे. तसेच, क्षमा करण्याचा आग्रहही कुणी धरू नये. क्षमा करावी की नाही, केव्हा करावी, हा सर्वस्वी तिचा अधिकार आहे.

विक्रीतून सुटलेल्या मुलींच्या संदर्भात आपल्या संस्थांना एक नम्र सूचना करते. शिवणयंत्र दिले, पापड लाटायला शिकवले की पुनर्वसन झाले, असे समजू नका. तिला काय शिकायचे आहे, ते तिला विचारा. जिच्या मताला वर्षानुवर्षे कवडीची किंमत नव्हती, तिला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ देणे, हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

आपण काय करायचे?

मूल सांगायला आले, तर हातातले काम बाजूला ठेवा. चेहरा शांत ठेवा. तीन वाक्ये बोला: "तू मला सांगितलेस, हे फार चांगले केलेस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीही चूक नाही." "आधी का नाही सांगितलेस?" हे विचारू नका. "मी कुणालाही सांगणार नाही" असे वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. तीच हकिकत घरातील चौघांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. घटना नुकतीच घडली असेल तर कपडे धुऊ नका, मुलाला तत्काळ रुग्णालयात न्या. एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर सुरू होतील तितके उत्तम.

दुसरी गोष्ट कायद्याची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. साक्षीच्या वेळी त्याला आरोपीसमोर उभे करू नये. त्याची ओळख प्रसिद्ध होऊ नये, असे कायदा सांगतो. या तरतुदी अनेकांना ठाऊकच नसतात. कार्यकर्त्यांनी त्या पाठ कराव्यात आणि अशा कुटुंबासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चालत जावे. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. पीडितांना अर्थसाहाय्य व समुपदेशन मिळावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१३ पासून मनोधैर्य योजना सुरू केली. १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा आहे. १९९६ मध्ये ती प्रथम मुंबईतच सुरू झाली. मानसिक साहाय्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट थोडी कटू आहे. आपण वसतिगृहे चालवतो, शिबिरे घेतो, संस्कारवर्ग भरवतो. मुलांजवळ पोहोचण्यासाठी वाईट माणूसही अशाच जागा शोधतो. 'आपल्याकडे असे काही होणार नाही' हा विश्वास पुरेसा नाही. मुलांसोबत एकटा प्रौढ बंद खोलीत असणार नाही, नव्या व्यक्तीची माहिती तपासल्याशिवाय तिला मुलांचे काम दिले जाणार नाही, मुलांना तक्रार सांगण्यासाठी एक ठरलेली, विश्वासाची व्यक्ती असेल, असे नियम प्रत्येक संस्थेने लेखी करावेत. आणि दुर्दैवाने काही घडले, तर संस्थेच्या नावापेक्षा मूल मोठे आहे, हे स्मरणात ठेवावे. मुलाला दडपून राखलेली प्रतिष्ठा ही प्रतिष्ठाच नव्हे.

आता पुन्हा त्या आजींकडे येते. सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता या वयात सांगून तरी काय उपयोग? तो माणूस गेला, आईही गेली." माझ्याजवळ त्यांच्यासाठी तयार उत्तर नव्हते. मी एवढेच म्हटले, "आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. चूक तुमची नव्हती." त्या बराच वेळ रडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हे कुणीतरी म्हणावे, म्हणून थांबले होते वाटते."

काही महिन्यांनी त्यांचा दूरध्वनी आला. त्यांची नात शिकवणीला जायला नको म्हणत होती आणि घरातले तिला आळशी ठरवत होते. आजींनी तिला आपल्या खोलीत नेले, दार लोटले आणि विचारले, "बाळा, तिथे कुणी त्रास देते का?" सुदैवाने गोष्ट लवकर कळली, शिकवणी बंद झाली, पुढची कायदेशीर पावलेही उचलली गेली. आजी मला म्हणाल्या, "मला कुणी असे विचारले नव्हते. मी मात्र विचारले."

तुमच्या-माझ्या घरी, वाड्या-वस्तीत, संस्थेत असे एखादे मूल आज असेल. ते आपल्याकडे बघत असेल आणि मनात ताडून पाहत असेल, 'यांना सांगितले तर हे माझे ऐकतील का?' त्या मुलाला आपल्या वागण्यातून उत्तर मिळते आहे. ते उत्तर 'हो' असावे, एवढीच प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.